पर्यवेक्षक जागेवर हजर होते का?

बँकेतल्या लोकांनी त्यांना फूटपट्टी हे नाव ठेवलं होतं आणि गंमत म्हणजे ते त्यांना मनातून आवडायचं. तोंडावर अर्थात सगळे साहेब म्हणायचे. पण दारात त्यांची बॅग दिसली की कर्जविभागातला कारकून शेजारच्याला कोपर मारून म्हणायचा, "आली बघ फूटपट्टी," आणि साहेब न ऐकल्यासारखं करून मिशीतल्या मिशीत हसायचे.

घरांची किंमत ठरवून देणं हा त्यांचा पेशा. कोणी घर घेतं, बँकेकडे कर्ज मागतं, आणि बँक विचारते, घर खरोखर तेवढ्याचं आहे का? याचं उत्तर लिहून त्याखाली सही करणारा माणूस म्हणजे व्हॅल्युअर. ऐरागैरा ती सही करू शकत नाही. त्याला परीक्षा आहे, परवाना मंडळ आहे, दर तीन वर्षांनी नूतनीकरण आहे. मंडळाच्या यादीत ज्याचं नाव नाही त्याच्या सहीला बँकेत कोणी कुत्रं विचारत नाही.

साहेबांचं नाव त्या यादीत चौतीस वर्षं होतं, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी नियमाला कधी बोट लावू दिलं नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. एका बिल्डरने बाल्कनी खोलीत धरा म्हणून गळ घातली, तर साहेब म्हणाले, "या बाल्कनीत पलंग टाकून तुम्ही एक आठवडा झोपून दाखवा, मग खोलीत धरतो." मेव्हण्याचं घर मोजायला त्यांनी साफ नकार दिला, कारण नात्यातलं काम घ्यायचं नाही असा नियम. मेव्हण्याने चार वर्षं अबोला धरला. साहेबांनी तो अबोला पदकासारखा मिरवला. अशी माणसं जगात हवीत हे खरं, पण त्यांच्या घरात राहणाऱ्यांना विचारा.

ताई त्यांच्याकडे आल्या त्या टायपिंगसाठी. वय असेल सव्वीस-सत्तावीस. वडील अचानक गेल्यामुळे कॉलेज दुसऱ्या वर्षातच सुटलेलं. साहेबांपेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी ऑफिसात सगळे त्यांना ताई म्हणायचे, म्हणून साहेबही ताईच म्हणू लागले. ऑफिस म्हणजे काय, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत ताई आणि टाइपरायटर, आतल्या खोलीत साहेब आणि फायलींचे ढीग. एक दिवस टेप धरायला माणूस नव्हता म्हणून साहेब ताईंना सोबत घेऊन गेले, आणि तिथून त्या मोजणीला जाऊ लागल्या त्या कायमच्याच.

वर्षभरात एक प्रसंग असा घडला की साहेबांनी तो पुढे शंभर जणांना सांगितला. एका फ्लॅटचं मोजमाप संपलं, साहेब टिपण मिटून निघाले, तेव्हा ताई हळूच म्हणाल्या, "साहेब, या खोलीच्या तीन भिंती जुन्या रंगाच्या आहेत आणि एकच नवी. असं कोण रंगवतं?" साहेबांनी परत जाऊन त्या नव्या भिंतीवर तळहात ठेवला. भिंत गार होती. आतून पाणी झिरपत होतं. घरमालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. खाली उतरताना साहेब म्हणाले, "ताई, हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही हं." त्याच दिवशी ताईंनी ठरवलं की आपण व्हॅल्युअर व्हायचं.

तेव्हा ते शक्य होतं. पदवी नसली तरी अनुभवावर परवाना मिळायचा. अट एवढीच, की परवानाधारकाच्या देखरेखीखाली ठरावीक कामं केलेली असावीत आणि मग परीक्षा द्यावी. ताई रात्री अभ्यास करायच्या, सकाळी साहेबांना शंका विचारायच्या. साहेबही जीव ओतून शिकवायचे. शेजारच्या तीन विक्रींशी तुलना कशी करायची, कोपऱ्यावरच्या घराला किती जास्त धरायचं, रस्त्याच्या आवाजाला किती वजा करायचं, हे सगळं त्यांनी हातचं काही न राखता दिलं. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण मध्येच ताईंचं लग्न झालं, मुलगा झाला, आणि परीक्षा दर वर्षी पुढच्या वर्षावर गेली.

मग साहेबांचे गुडघे गेले. आधी उजवा, मागून डावा. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत म्हणून सांगितलं. साहेबांच्या शहरात जुन्या इमारतींना लिफ्ट नव्हती आणि नव्या इमारतींच्या लिफ्ट बंद असायच्या. पहिले काही दिवस साहेब एकेका पायरीवर थांबत, कठड्याला धरत चढले. नंतर एका दुपारी चार मजले समोर दिसल्यावर ते गाडीतच बसून राहिले. म्हणाले, "ताई, तुम्ही जाऊन या. तुम्ही बघितलं काय, मी बघितलं काय."

ताई जाऊन आल्या. टिपण चोख होतं. पुढच्या वेळीही तेच झालं. हळूहळू ती रीतच पडली. ताई वर, साहेब खाली गाडीत, काच उतरवून, वर्तमानपत्र स्टिअरिंगवर पसरून. मध्ये कधीतरी ताई म्हणायच्या, "साहेब, आज दोनच मजले आहेत, जमेल का?" साहेब म्हणायचे, "तुम्ही आहात ना!" आणि ते कौतुकच आहे असं त्यांना वाटायचं.

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर एक वाक्य छापलेलं असे: 'मी स्वतः जागेवर जाऊन आतून पाहणी केली आहे.' त्याखाली साहेबांची सही. ते वाक्य फॉर्मवर कायमचंच होतं, लेटरहेडवरच्या पत्त्यासारखं. लेटरहेडवरचा पत्ता रोज कोण वाचतं? साहेबांची नजर त्या वाक्यावरून घसरून थेट सहीच्या रेघेवर जायची. आपण खोटं लिहून देतोय असं त्यांना कधी वाटलं नाही, कारण ते वाक्य त्यांनी लिहिलंच नव्हतं. शपथेवर सांगितलं असतं त्यांनी.

पाच वर्षं अशी गेली. मग मंडळाचं पत्रक आलं. येत्या वर्षअखेरीनंतर पदवी नसलेल्यांना अनुभवाची वाट बंद. त्याआधी अर्ज करणाऱ्यांनी गेल्या पाच वर्षांतल्या किमान तीनशे पाहण्यांची नोंदवही जोडायची. वहीत घराचा पत्ता, तारीख, केलेलं काम, आणि शेवटी एक रकाना: पर्यवेक्षक जागेवर हजर होते का? होय किंवा नाही. 'होय' असेल तीच पाहणी धरली जाणार. त्यापुढे पर्यवेक्षकाची सही.

ताईंनी महिनाभर खपून वही तयार केली. मोजमाप आणि टिपण दोन्ही ज्यांचं त्यांनी स्वतः केलं होतं, तेवढीच घरं घेतली. चारशे बारा भरली. अक्षर मोत्यासारखं. शेवटचा रकाना तेवढा कोरा ठेवून त्यांनी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "सवडीने बघा साहेब. मुदतीला अजून दोन महिने आहेत."

साहेबांनी वही घरी नेली. आठवडाभर रोज संध्याकाळी चष्मा पुसून बसायचे आणि एकेक नोंद आठवायचे. हे घर तळमजल्यावरचं, मी आत गेलो होतो, होय. हे तिसऱ्या मजल्यावरचं, मी गाडीत होतो, नाही. इथे लिफ्ट चालू होती, होय. इथे नाही. नाही. नाही. प्रत्येक नोंदीपुढे स्वतःच्या पेनने, स्वतःच्या हाताने. शेवटी बेरीज केली. होय शहाण्णव. नाही तीनशे सोळा.

त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. पण वाईट वाटण्याबरोबर आणखी एक काहीतरी वाटलं आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. त्यांना स्वतःचा अभिमान वाटला. पोटच्या पोरीसारखं माणूस, पण पेनाला ढळू दिलं नाही, असा तो अभिमान. बायको पोळपाट पुसत उभी होती. तिला त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तिच्या वहीत एवढं खरं लिहिलंत. मग इतकी वर्षं तुमच्या कागदांवर काय लिहीत होता?"

साहेब असे भडकले की विचारू नका. तुला त्यातलं काय कळतं, हा पेशा आहे, भाजी आणणं नाही, वगैरे वगैरे. बायकोने पोळपाट जागेवर ठेवला आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तोवर नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही परत दिली. सोबत थोडं भाषणही दिलं. परवाना म्हणजे मागून मिळणारी गोष्ट नव्हे, मंडळाने नियम केलाय तो विचार करूनच केलाय, असं बरंच. ताईंनी उभ्या उभ्या पानं उलटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एके ठिकाणी त्यांचं बोट थांबलं, मग परत मागच्या पानावर गेलं. वही मिटून त्या म्हणाल्या, "बरं, साहेब." आणि दुसऱ्या दिवशीच्या घरांची यादी करायला बसल्या.

मुदत आली आणि गेली. मंडळाने अर्ज नाकारला असणार, असं साहेब धरून चालले. विचारून तिची जखम कशाला उघडायची, असं मनाशी म्हणाले. खरं म्हणजे विचारायचं धाडस नव्हतं. ताई आणखी दोन वर्षं तशाच वर जात राहिल्या, साहेब खाली बसत राहिले. मग साहेब निवृत्त झाले. मंडळाने सभागृहात शाल घातली, अध्यक्षांनी सांगितलं की चौतीस वर्षांत या माणसाविरुद्ध एक तक्रार नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेवटच्या ओळीत ताईही उभ्या होत्या.

त्याला आता सात वर्षं झाली. साहेब एकाहत्तरचे आहेत. बायकोच्या मागे एकट्याने राहणं जमेना, म्हणून मुलीने घर विकून आपल्याकडे या असं सांगितलं. ती एकुलती एक, शाळेत शिकवते, ऐकून घेणारी नाही. गिऱ्हाईकही मिळालं. गिऱ्हाइकाला कर्ज हवं होतं, म्हणजे बँक व्हॅल्युअर पाठवणार. साहेबांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. आपल्या पेशातला माणूस येणार, चार शब्द बोलू, असं त्यांना वाटत होतं.

बेल वाजली. दारात ताई.

केस पांढरे झालेले, गळ्यात दुसऱ्याच ऑफिसचं ओळखपत्र, हातात भिंतीवर लाल ठिपका टाकून मोजणारं यंत्र. "साहेब, तुम्ही?" त्या म्हणाल्या. "यादीत नुसता फ्लॅट नंबर होता." साहेबांनी त्यांच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"तुमचे व्हॅल्युअर?"

"खाली आहेत. फोनवर."

साहेब खिडकीशी गेले. खाली पांढरी गाडी उभी होती. काच उतरवलेली, आत तिशीतला एक तरुण, कानाला फोन. त्याचे गुडघे ठणठणीत असणार आणि या इमारतीला लिफ्ट होती.

ताई कामाला लागल्या. बैठकीची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. सिंकखाली वाकून पाहिलं, खिडक्या उघडून मिटल्या. साहेब मागे मागे फिरत होते, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे. शेवटी झोपायच्या खोलीत ताई कपाटामागच्या फटीत हात घालून भिंत चाचपत होत्या, तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ताई, तेव्हा मंडळाने काय कारण दिलं हो?"

"कशाचं?"

"तुमच्या अर्जाचं."

"मी अर्ज दिलाच नव्हता, साहेब."

"दिला नव्हता? का? शहाण्णव तरी धरले असते. मुदतवाढ मागता आली असती. मी पत्र दिलं असतं."

ताईंनी हात बाहेर काढून रुमालाला पुसला. "साहेब, त्या वहीत तीनशे सोळा घरांपुढे तुमच्या हातचं 'नाही' होतं. तारखेसकट, सहीसकट. आणि त्याच घरांच्या रिपोर्टवर तुमचीच सही होती, की तुम्ही आतून पाहणी केली म्हणून. ते रिपोर्ट मंडळ कधीही मागवू शकत होतं. वही दिली असती तर आठ दिवसांत तुमचा परवाना गेला असता. कदाचित पोलीसही आले असते."

साहेब पलंगाच्या कडेला बसले. एवढी साधी गोष्ट! आयुष्यभर कागदाला कागद ताडून पाहणारा माणूस, आणि हे दोन कागद त्याने कधी शेजारी ठेवलेच नाहीत. ताईंनी उभ्या उभ्या, पाच मिनिटांत ठेवले होते.

"मला सांगायचंत तरी," ते म्हणाले.

"काय सांगणार? तुम्ही खरंच लिहिलं होतं. खोटं लिहा असं कसं म्हणू?" ताईंचा आवाज चढला नव्हता. "मुलगा तेव्हा पाचवीत होता. तुमचं ऑफिस बंद पडलं असतं तर मी तरी कुठे जाणार होते?"

मग साहेब बोलत सुटले. वही असेल तर मला द्या, मी उद्याच मंडळात जातो, सगळं कबूल करतो, शाल परत देतो, अपवाद करायला लावतो. गुडघ्यांचं सांगितलं, छापील वाक्याचं सांगितलं, आपल्या मनात कधीच पाप नव्हतं हे दोनदा सांगितलं. ताई ऐकत होत्या आणि यंत्रावरचे आकडे वहीत उतरवत होत्या. "साहेब, ती वाट बंद होऊन नऊ वर्षं झाली," एवढंच त्या म्हणाल्या.

साहेब ताडकन उठले. "मग हे तरी बंद करतो. त्या पोराला वर बोलावतो. काय समजतो कोण स्वतःला!" त्यांनी खिडकी उघडली, वाकून हात वर केला.

"हाक मारू नका!" पहिल्यांदाच ताई जोरात बोलल्या. "पाया पडते, साहेब. तुम्ही खरं बोलाल आणि नोकरी माझी जाईल. माझी नोकरीची सहा-सात वर्षं राहिलीत. मला ती करू द्या."

साहेबांचा हात तसाच वर राहिला. खाली तरुणाने मान वर करून पाहिलं, कोणी म्हातारा ओळख दाखवतोय असं वाटून त्यानेही हात हलवला, आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. साहेबांनी खिडकी लावून घेतली.

चहा घ्या म्हटलं तर ताई नको म्हणाल्या, अजून तीन घरं बाकी होती. दारात चपला घालताना त्यांनी विचारलं, "वहिनी?" साहेबांनी मान हलवली. "चांगल्या होत्या," ताई म्हणाल्या आणि गेल्या.

आठ-दहा दिवसांनी गिऱ्हाइकाने रिपोर्टची प्रत मुलीकडे पाठवली. ती संध्याकाळी आली तीच वाचत वाचत. "बाबा, हा माणूस भारी आहे हं. कपाटामागची ओलसुद्धा सोडली नाही. आपण तीस वर्षं राहिलो, आपल्याला दिसली नाही. तुमच्याच पठडीतला दिसतोय अगदी."

"तो वर आलाच नव्हता," साहेब म्हणाले.

आणि मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. गाडी, वर्तमानपत्र, छापील वाक्य, वही, होय आणि नाही, ताईंनी न दिलेला अर्ज. वडिलांची शिस्त मुलगी वर्गात मुलांना उदाहरण म्हणून सांगायची. तिने चष्मा काढून हातात धरला.

"आईला माहीत होतं?"

"तिने विचारलं होतं एकदा. मी तिलाच ओरडलो."

"आणि त्या दिवशी ताई आल्या, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

साहेब सांगू लागले. मंडळात जातो म्हणालो, शाल परत देतो म्हणालो, त्या पोराला वर बोलवायला निघालो...

"ते नाही, बाबा. माफी मागितलीत का?"

साहेबांनी आठवून पाहिलं. खोली आठवली, कपाट आठवलं, आपण काय काय बोललो ते शब्दन् शब्द आठवलं. नियम, गुडघे, पाप, पुण्य, सगळं बोलून झालं होतं. तेवढं एक राहिलं होतं.

"नाही," ते म्हणाले.

मुलीने फोन उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला. साहेब फोनकडे बघत बसले. अठरा वर्षं त्या बाईने त्यांच्याकडे काम केलं, रोज सकाळी नऊला समोर हजर असायची. नंबर लिहून ठेवायची वेळच आली नव्हती. पत्ताही माहीत नव्हता. कुठेतरी बसने यायची एवढं माहीत होतं.

"रिपोर्टवर असेल ना," मुलगी म्हणाली. "त्यांनीच तर केलाय."

तिने रिपोर्ट दिव्याखाली धरला आणि पहिल्या पानापासून बोट फिरवत गेली. खोल्यांची मापं होती, खिडक्यांची संख्या होती, ओलीचा फोटो होता, शेवटी ते वाक्य आणि त्या तरुणाची लपेटदार सही, शिक्का, परवाना क्रमांक, फोन नंबर. तिने पुन्हा मागून पुढे पाहिलं, पानांच्या पाठीही पाहिल्या. चौदा पानं होती. ताईंचं नाव कुठेच नव्हतं.